फ्रीजरला नमस्कार

“राओनची आई, पोराला एकदा समोर बसवून सांग गं, आता तो फ्रीजर आपला राहिलेला नाही,” असं मालसुन काकूंनी मला मे महिन्यातच बजावलं होतं. मी “हो, हो काकू” म्हणाले, कांद्यांची जाळी या हातातून त्या हातात घेतली आणि लिफ्टमध्ये शिरले. मालसुन काकू आमच्या इमारतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. अध्यक्षांना बजावायला काहीतरी लागतंच, असं मी मनात म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, बेफिकीर आई आहे. तसं नाही हो. हवेत धूळ किती आहे ते फोनवर बघितल्याशिवाय मी खिडकी उघडत नाही. द्राक्षाचे अजून चार तुकडे करून देते. राओनला डायनासोरच्या काट्यांची हिरवी टोपी घेतली तीसुद्धा विचार करून. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि पोरगा मैदानात कुठेही असला तरी ती टोपी माझ्या स्वयंपाकघरातून दिसते. घसरगुंडी दिसते, फाटक दिसतं, गाड्या वळतात तो कोपरा दिसतो. खिडकीच्या बरोबर खाली काय चाललंय तेवढं मात्र खिडकीतून दिसत नाही. आणि फ्रीजर बरोबर खाली होता.

या फ्रीजरची हकीकत अशी. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात महिला मंडळाने दारात एक आडवा फ्रीजर ठेवला होता, पेंग्विनचं चित्र असलेला. पार्सल पोचवणाऱ्या माणसांसाठी त्यात पाण्याच्या बाटल्या आणि आइसक्रीमच्या कांड्या असत. वर पाटी, ‘दमला असाल. मोकळेपणाने घ्या.’ इमारतीतली पोरंही घेत. राओनला मीच शिकवलं होतं की देणारं माणूस दिसत नसलं तरी दोन्ही हात पोटावर ठेवायचे, कमरेत वाकायचं आणि ‘मी पोटभर खातो, आभारी आहे’ असं मोठ्याने म्हणायचं. आमच्याकडे कोरियात बालवाडीत हेच शिकवतात. मला केवढं कौतुक होतं त्या नमस्काराचं! त्याचा व्हिडिओ मी आईला पाठवला होता.

मग वसंतात तळमजल्यावरची रिकामी खोली प्योसाहेबांनी भाड्याने घेतली आणि आइसक्रीमचं दुकान काढलं. बिनमाणसाचं दुकान. भिंतीवर कॅमेरा, दाराशी पैसे घेणारं यंत्र, माणूस औषधालाही नाही. प्योसाहेब घरी सोफ्यावर बसून फोनमध्ये दुकान बघायचे. आणि महिला मंडळाने आपला जुना फ्रीजर, तोच पेंग्विनवाला, त्यांनाच विकून टाकला. तो जेमतेम दहा पावलं आत सरकला, एवढंच.

काकूंनी बजावलं होतं ते यासाठी.

जूनमध्ये दुकानाच्या काचेवर फोटो लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘चोर’, खाली ‘वारंवार येते. ओळखत असाल तर कळवा.’ ओळखायचं काय त्यात? चौथ्या मजल्यावरची युनसल होती. फ्रीजरचं झाकण उचलून उभी, चेहरा स्वच्छ.

युनसलचे वडील पार्सलची गाडी चालवतात. उजाडायच्या आत जातात. आई नाही. पोरगी शाळेतून आली की दप्तर वर टाकते आणि खाली येते, आणि खाली आली की राओन “ताई! ताई!” करत तिच्या मागे. मला ती आवडायची. तिच्या हातात मी किंबापचा, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा द्यायचे, ती धुऊन परत द्यायची. हल्ली कितीजण डबा धुऊन देतात?

पण इमारतीचा ग्रुप पेटला होता. ‘आजकालच्या पोरांना कायदा पाठ असतो.’ ‘चौदाच्या आत काही होत नाही हे माहीत असतं म्हणून करतात.’ ‘वयाची अटच खाली आणा.’ ‘किती खाली?’ असं कुणीतरी विचारलं तर पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘पोटात असल्यापासून.’ मी काही लिहिलं नाही. राओनला मात्र दोन दिवस पोट बिघडल्याचं सांगून घरात ठेवला. संगत, दुसरं काय. आईचं डोकं आधी तिकडेच जातं.

प्योसाहेबांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, “शनिवारी पोलिसांना बोलावलंय. पोरगी स्वतःच्या तोंडाने म्हणाली, पंधरा वर्षांची आहे. पंधरा म्हणजे चौदाच्या वर. आता सुटत नाही.”

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकले. काळजी वाटली की वाचत बसते. आता कायदा वाचला. पोर दहाच्या आत असेल तर कायदा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. दहा ते चौदाच्या मध्ये असेल तर तुरुंग नाही, दंड नाही, गुन्हेगार म्हणून नोंद नाही. पण बाल न्यायालयापुढे उभं राहावं लागतं, आणि मग न्यायाधीश ठरवतात की ते घरी राहील, कुणाच्या देखरेखीखाली राहील, की एखाद्या संस्थेत जाईल. चौदा पूर्ण झाली की मोठ्यांचा कायदा लागू होऊ शकतो. आणि मोठ्यांना? मोठ्यांना अख्खा कायदा, सालीसकट.

एकटा बाप आणि दिवसभर बंद घर. संस्थेत पाठवायला न्यायाधीशाला आणखी काय लागणार, असा विचार करत मी कचरा टाकायला खाली गेले आणि काचेपाशी थांबले. फोटो पहिल्यांदाच जवळून बघत होते. युनसलचा हात झाकणावर होता, फ्रीजरच्या आत नव्हता. आणि फ्रीजरच्या कडेला, फोटोच्या अगदी खाली, काहीतरी हिरवं दिसत होतं. तीन काटे.

मी कचऱ्याची पिशवी घेऊन तशीच वर आले.

“राओन, खालचं आइसक्रीम तुला कोण देतं रे?”

“फ्रीज.”

“फ्रीज कसा देईल? ताई देते ना?”

“ताई झाकण उघडते. माझा हात नाही पोचत.”

“आणि पैसे?”

त्याने माझ्याकडे मठ्ठ मुलीकडे बघावं तसं बघितलं. “नमस्कार करतो ना मी! हात पोटावर ठेवून. तूच सांगितलंयस.”

“अरे सोन्या, पण ते दुकान आहे.”

“मग दुकानदार कुठाय?”

याचं उत्तर कॉलेजातही कुणी दिलं नव्हतं.

“आणि अर्धं तर तूच खातेस,” तो म्हणाला.

खात होते. वितळायला लागलेली कांडी पोरगा हातात कोंबतो तेव्हा कुठली आई ती मोरीत टाकते? मला वाटायचं युनसल देते, डब्याची परतफेड म्हणून. आता हिशोब असा झाला की चोर पाच वर्षांचा, त्याला देशातला कुठलाही न्यायाधीश हात लावू शकत नाही. आणि चोरीचा माल खाणारी बत्तीस वर्षांची. घरात शिक्षा होण्याजोगी एकटी मीच होते.

नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुठलं होतं आइसक्रीम?”

“लाल चवळीचं.”

“मला नाही कधी ठेवलंस.”

शनिवारी सकाळी मी पाकिटात पैसे घातले, मनात भाषण घोटलं आणि राओनला घेऊन खाली गेले. त्याला निळी टोपी घातली होती. हिरवी मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती. का, ते विचारू नका. आई आणि वकील यांच्यात तसा फार फरक नसतो.

दुकानात प्योसाहेब होते, मालसुन काकू होत्या, फ्रीजरला टेकून युनसल होती, आणि शाळांचं काम बघणाऱ्या पोलीस अधिकारी मिन मॅडम होत्या. मॅडम काचेकडेच बघत होत्या.

“आधी हा फोटो काढा,” त्या म्हणाल्या.

“का? चेहरा नीट दिसतोय की,” प्योसाहेब म्हणाले.

“म्हणूनच काढा. लहान मुलीचा चेहरा लावून वर चोर लिहिलंत. न्यायालयात काही ठरायच्या आधी. तिच्या वडिलांनी तक्रार केली ना, तर बदनामीचा गुन्हा तुमच्यावर लागेल.”

“म्हणजे माल माझा गेला आणि गुन्हेगारही मीच?”

“तुमचं वय किती?”

“त्रेपन्न.”

“मग हो.”

प्योसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. “तिला एवढं संरक्षण. मग मला काय?”

“तुम्हाला वकील. तुमच्या खर्चाने.”

“अहो, पण ती लहान आहेच कुठे! मी विचारलं, वय किती तुझं? तर सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, पंधरा!”

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे भांडण सुरू झालं की तिसरं वाक्य ‘वय किती रे तुझं?’ हेच असतं. गाडी कुणी ठोकली, रांगेत कोण घुसलं, ते नंतर. आधी कोण मोठं ते ठरतं, आणि त्यावरून कुणी आवाज खाली करायचा ते. अशा वेळी आपलं वय कमी करून सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्योसाहेबांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, तर पोरीने घरातला सगळ्यात मोठा आकडा काढून दिला.

“पंधरा म्हणजे कुठली पंधरा?” मालसुन काकू मध्ये पडल्या. “जुनी का सरकारी? युनसल, तू वाघाच्या वर्षातली ना गं?” आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात.

“हो.”

“महिना?”

“डिसेंबर,” युनसल पुटपुटली.

“अरे देवा! मग जुन्या मोजणीने जन्मलीस तेव्हाच एक, आणि लगेच नवं वर्ष लागलं तेव्हा दोन. मान धरत नव्हतीस तेव्हा दोन वर्षांची झालीस तू!” काकूंना या गोष्टीचा फार आनंद झाला. “सरकारने जुनी मोजणी बंद केली तेव्हा मला एक अख्खं वर्ष परत मिळालं. मी तांदळाचे केक वाटले होते.”

“म्हणजे कायद्याने तेरा,” मिन मॅडम म्हणाल्या.

“पंधरा,” युनसल म्हणाली.

“अगं बाळा, तू नुसतं तेरा म्हण. तेरा म्हटलंस की निम्मी काळजी मिटली.”

“यांच्यासमोर एकदा पंधरा सांगितलंय. आता खाली नाही येणार.”

“बघा! बघा!” प्योसाहेब ओरडले. “ती स्वतः म्हणतेय!”

“प्योसाहेब, ती उद्या चाळीस म्हणाली तर तिला लग्नाचं विचारणार आहात का?” काकू म्हणाल्या. “गप्प बसा जरा.”

मिन मॅडम गुडघ्यांवर बसल्या, युनसलच्या नजरेच्या पातळीवर आल्या. “तू खाल्लंस आइसक्रीम?”

“नाही.”

“मग कुणी नेलं?”

युनसलने माझ्याकडे बघितलं नाही. राओनकडे तर अजिबातच नाही. न बघण्यात एवढी मेहनत घेणारं पोर मी प्रथमच पाहत होते.

“तू बोलली नाहीस तर मला हे कागद न्यायालयाकडे पाठवावे लागतील,” मॅडम हळू म्हणाल्या. “तेरा वर्षांची असलीस तरी. मग तिथले लोक घरी येतील, बाबांना कामावरून बोलावतील, तू कुठे राहायचं ते ते ठरवतील. कळतंय ना?”

युनसलची हनुवटी हलली. ती फ्रीजरला आणखी चिकटली.

मी घसा खाकरला. भाषण तोंडापर्यंत आलं होतं. पण राओनने माझा हात सोडला, फ्रीजरपाशी गेला आणि चवड्यांवर उभा राहिला.

“ताई, उघड ना.”

युनसल पेंग्विनकडे बघत म्हणाली, “कोण तू? मी नाही ओळखत तुला.”

राओनचं तोंड पडलं. “अगं, मी! राओन! आईने टोपी बदललीय म्हणून?”

मला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण खाली नुसतं पार्किंग आहे. राओनने वाट बघितली, झाकण काही उघडलं नाही. तेव्हा त्याला आठवलं असावं की आधी काय करायचं असतं. त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले, पेंग्विनसमोर कमरेत वाकला आणि बालवाडीत वाहवा मिळवणाऱ्या आवाजात म्हणाला, “मी पोटभर खातो, आभारी आहे!”

प्योसाहेब हळूहळू फोनकडे वळले. बोटाने मागे मागे सरकवत गेले. “हे हिरवं... खाली जातं, वर येतं... म्हणजे हे...”

“टोपी आहे,” मी म्हणाले.

“मी कॅमेऱ्यात बिघाड आहे म्हणून कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलं! दोन्ही वेळा तो म्हणाला, साहेब, कॅमेरा ठीक आहे!”

मग मीही वाकले. भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही. “युनसलने काही केलेलं नाही. सगळं माझ्या मुलाने नेलं. मागच्या उन्हाळ्यात मीच त्याला तसं शिकवलं होतं. आणि अर्धं मी खाल्लं.”

मिन मॅडमनी पेन उघडलं. “मुलाचं वय?”

“सात,” मी म्हणाले, आणि जीभ चावली. “नाही! पाच! सरकारी पाच! नोव्हेंबरचा आहे तो!”

मॅडमनी पेन बंद केलं. “पाचला माझ्याकडे कागदच नाही.”

“आणि मी?”

“चोरीचं आहे हे माहीत होतं?”

“नाही हो. माहीत असतं तर चवळीचं कशाला खाल्लं असतं?”

“मग पोराने केलेलं नुकसान भरून द्या. ते आईबापाकडेच येतं.” त्या उठल्या आणि युनसलला म्हणाल्या, “तू का नाही बोललीस? त्याला तर काहीच झालं नसतं.”

“मला वाटायचं राओनच्या आईने आधीच पैसे भरून ठेवलेत,” युनसल म्हणाली. तेव्हा आवाज तेराचा झाला होता. “फोटो लागला तेव्हा कळलं. पण मी सांगितलं असतं तर यांनी त्याचा पण फोटो लावला असता.”

प्योसाहेब काचेकडे गेले. नखाने चिकटपट्टी ओढू लागले. ती निघेना. मालसुन काकूंनी वरून गरम पाणी आणि सुरी आणली आणि सगळं नीट निघेपर्यंत त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. “तो कोपरा राहिलाय. अजून कान दिसतोय पोरीचा.”

“मॅडम,” प्योसाहेबांनी खरवडता खरवडता बारीक आवाजात विचारलं, “मला काही सवलत मिळेल? म्हणजे, सरकारी वयाने मी एक्कावन्नच आहे.”

तर वय कमी करून सांगणारा हा एक माणूस पाहिला मी.

युनसलचे वडील संध्याकाळी गाडीवरूनच आले. तक्रार करायची की नाही ते पोरीला विचारलं. पोरीने अट घातली, माफी लिहायची, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्याच जागी. प्योसाहेबांनी लिहिली. पहिल्या खेपेला अक्षर लहान पडलं म्हणून पुन्हा लिहिली. ग्रुपवर त्या दिवशी कायद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी मुळ्याच्या किमचीची, म्हणजे आंबवलेल्या लोणच्याची, कृती टाकली आणि चाळीस जणांनी ती वाखाणली. मी पैसे भरले. रक्कम सांगत नाही. एवढं आइसक्रीम खाऊन माझं वजन कसं वाढलं नाही, याचंच प्योसाहेबांना नवल वाटलं.

आता दुकानात यंत्राच्या खाली, मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, प्योसाहेबांचा स्वतःचाच फोटो लावलेला आहे. भुवया चढवलेल्या. खाली लिहिलंय, ‘हा दुकानदार.’ राओन आधी त्यांना नमस्कार करतो, मग पैसे टाकतो, मग फ्रीजला नमस्कार करतो. मी दोन्ही नमस्कार होईपर्यंत बाजूला उभी असते. खिडकीवर माझा आता विश्वास नाही.

डिसेंबरात युनसल सरकारी चौदाची झाली. मी किमचीची धिरडी घातली, समुद्री शेवाळाचं सूप केलं. आमच्याकडे वाढदिवसाला तेच करतात. राओनने मेणबत्त्या विझवल्या, तिच्या आधी. सगळे हसले. मी हसले, आणि मनात आलं, हिच्या डोक्यावरचं कायद्याचं कौल आज निघालं. पुढच्या वेळी कुणी कमरेवर हात ठेवून वय विचारलं आणि ही दुसऱ्या कुणासाठी गप्प राहिली, तर समोर मिन मॅडमच असतील असं नाही.

फेब्रुवारीत वडिलांच्या गाडीचा मार्ग बदलला आणि ती दोघं ओसान शहरात राहायला गेली. स्टेशनच्या मागे जुन्या इमारती आहेत, तिथे. डबा ती जाताना धुऊन देऊन गेली. मी निरोप पाठवते तेव्हा ती ‘बरी आहे’ लिहिते, आणि पुढे एक पेंग्विन. बरी आहे म्हणजे काय, ते आईला पेंग्विनवरून कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असेल, तर संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला एकदा जाऊन तिची बेल वाजवाल का? तिकडे राहत नसाल तर तुमच्याच वरच्या मजल्यावर बघा. दप्तर टाकून एकटीच बसलेली एखादी असतेच. ती आत या म्हणणार नाही. वय विचारलंत तर वाढवूनच सांगेल. तुम्ही मनातल्या मनात दोन वजा करा, आणि एवढंच विचारा, “जेवलीस का गं?”